न चाळलेलं पीठ

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाचे दगड आता वाळू झालेत, इतकी जुनी.

समुद्राच्या काठाला एक शहर होतं. सकाळी धुकं यायचं आणि शहर त्यात बुडून जायचं. राजाच्या पुतळ्याचं डोकं तेवढं वर दिसायचं. बाकी गल्ल्या, गाढवं, माणसं, सगळं धुक्यात तरंगायचं. जणू ते शहर कुणाच्या तरी झोपेत चाललं होतं.

त्या शहरात एक म्हातारी राहायची. तिच्याकडे मातीची एक भट्टी होती आणि एक गाडगं होतं. गाडग्यात खमीर होतं.

खमीर म्हणजे आंबलेल्या पिठाचा गोळा. तो नव्या पिठात मळला की पीठ फुगतं, भाकर हलकी होते. भाजायच्या आधी त्यातलाच एक गोळा काढून पुढच्या वेळेसाठी ठेवायचा. असं करत राहिलं की खमीर मरत नाही. माणसं मरतात, खमीर राहतं.

म्हातारीचं खमीर लांबच्या डोंगराळ मुलखातून आलेलं. तिथे एक सुतार होऊन गेला होता. त्याची एक खोड होती. तो कुणाच्याही शेजारी जेवायला बसायचा. जकात उकळणारा असो, रोगी असो, नाहीतर लोक जिच्या नावाने थुंकतात अशी बाई असो. राजाच्या माणसांनी त्याला लाकडावर ठोकून मारलं. पण त्याची माणसं सांगायची, तो मेलेला राहिला नाही, उठला. म्हणून ती माणसं दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी एकत्र बसून भाकर मोडायची, त्याची आठवण काढायची.

त्याच्या गावातल्या एका बाईने आपल्या परातीतला गोळा शेजारणीला दिला. शेजारीण परगावी गेली, तिने तिसरीला दिला. गलबतातून, उंटावरून, कमरेवरच्या गाडग्यांतून सात मुलूख ओलांडून ते खमीर या म्हातारीच्या हातात आलं. देणारी एवढंच बोलली, "हे एकटीने खायचं नसतं, बरं का."

म्हातारीने ते ऐकलं. तिच्या भट्टीपुढे चटई अंथरली जायची आणि तिच्यावर कुणीही बसायचं. हमाल, विधवा, कोळी, दुसऱ्याच्या घरचे गुलाम. त्यांची एक रीत होती. जेवून उठताना प्रत्येकाने पुढच्या भाकरीसाठी एक मूठ पीठ परातीत टाकायचं. घरी जे असेल ते. गहू असो, जव असो, नुसता कोंडा असो. सगळं एकत्र मळायचं आणि त्याची एकच मोठी भाकर करायची. मूठ टाकणारा शेवटचा माणूस आल्याशिवाय ती मोडायची नाही.

शेवटी नेहमी एकच बाई यायची. ती रंगाऱ्यांच्या वस्तीतली गुलाम होती.

हे रंगारी समुद्रातल्या शंखगोगलगाई फोडायचे, सडवायचे, उकळायचे, आणि त्यातून जांभळा रंग काढायचे. तो रंग फक्त राजाच्या झग्याचा. दुसऱ्या कुणी अंगावर घातला तर त्याची मान जायची. पण रंगाऱ्यांच्या हातांना तो कायमचा बसलेला, घासून घासून कातडी गेली तरी न जाणारा. आणि वास नासक्या मासळीचा. ते रस्त्याने निघाले की लोक नाक दाबून भिंतीला चिकटायचे. राजाच्या झग्याला मात्र अत्तराचा वास. असंच असतं बघा.

तर ही जांभळ्या हातांची बाई. दिवस बुडेपर्यंत मालक तिला सोडायचा नाही. मग ती धापा टाकत यायची आणि दारातूनच विचारायची, "थांबलात?"

"न थांबून जातो कुठे?" म्हातारी म्हणायची. "बस आता. आणि पुढच्या वेळी जरा पाय उचल. तुझी वाट बघून माझे गुडघे आखडतात."

"गुडघे माझ्यामुळे नाही आखडत, आजी. वयामुळे आखडतात."

"तोंड बंद कर आणि जेव."

तिची मूठ कोंड्याची असायची. तळहात ओला असायचा, तो रंग पिठाला लागायचा. मग भाजलेल्या भाकरीत एक बारीक जांभळी रेघ उमटायची, लांबून दिसणाऱ्या ओढ्यासारखी. रेघेचा तुकडा आपल्याला मिळावा म्हणून पोरं एकमेकांना ढकलायची.

एका वर्षी समुद्र खवळला. म्हातारीचं छप्पर उडालं आणि भट्टी मधोमध चिरली.

तेव्हा धान्याचा एक मोठा व्यापारी नुकताच या लोकांत आला होता. तो मनाने वाईट नव्हता. मनाने वाईट असलेली माणसं तशी परवडतात, ती लांबून ओळखू येतात. तो म्हणाला, "आजी, माझ्या घरी चला. अंगण आहे, आत मोठं दालन आहे, भट्टी दगडाची आहे. तुमचं गाडगंही घ्या."

सगळे तिकडे जमू लागले. थोडे दिवस बरे गेले.

मग एकदा तो भट्टीपाशी येऊन घसा खाकरू लागला. "आजी, रागावू नका. पण ती जांभळी रेघ. राजाचा रंग आहे तो. उद्या कुणी बाहेर सांगितलं की हे लोक राजाचा रंग खातात, तर? शिवाय माझ्याकडे आता मोठी माणसं येतात. कोंडा त्यांच्या दातात अडकतो. आतल्यांसाठी नुसतं गव्हाचं पीठ घ्या, बारीक चाळून. अंगणातल्यांची भाकर वेगळी करा."

"आणि वाट बघायचं काय?" म्हातारीने विचारलं.

"ऊन ऊन भाकर कुणासाठी गार करायची? आपण बसू. ते येतील तसे खातील. त्यांचं त्यांना ठेवलेलं असेलच की."

म्हातारीने तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. तिला कळत होतं. पण भट्टीचा शेक पाठीला बरा लागत होता, डोक्यावर छप्पर होतं, आणि या वयात पुन्हा कुठे जायचं असंही वाटलं. तिने चाळण उचलली. मी तिला यातून सोडणार नाही. बोलणं व्यापाऱ्याचं होतं, चाळण म्हातारीच्या हातात होती.

त्या संध्याकाळी जांभळ्या हातांची बाई आली तेव्हा दालनाचं दार लावलेलं होतं. आतून हसण्याचे आवाज येत होते. अंगणात एका पाटीत चार तुकडे उरले होते, त्यांवर माश्या बसलेल्या.

"थांबलात?" तिने सवयीने विचारलं.

शेवटी म्हातारी बाहेर आली, खाली बघत.

"थांबायचं होतं गं पोरी. पण भाकर गार होत होती."

"आजी, सात दिवस मी या एका घासाची वाट बघते. मी गार खाल्ली असती."

म्हातारी पदराच्या टोकाने हातांचं पीठ पुसू लागली.

"माझी मूठ कुठे आहे?"

"बाहेरच्या परातीत. तुमचं पीठ आता वेगळं मळते."

बाई परातीपाशी गेली. पुढच्या भाकरीसाठी मळलेल्या पिठातून तिने अक्रोडाएवढा गोळा तोडला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. तिच्या वस्तीतलं कुणीच आलं नाही. मग हमाल, कोळीही येईनात. अंगण रिकामं झालं, तेव्हा बाहेरची भाकरही बंद झाली. आतल्यांना ते बरंच वाटलं, कारण वास गेला.

आता गाडग्यात फक्त चाळलेलं पांढरं पीठ पडू लागलं. पण खमिराचा जीव कोंड्यात असतो. हे भट्टीवर बसणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पांढऱ्या पिठावर ते चार दिवस छान दिसतं, आतून उपाशी राहतं. पहिल्यांदा भाकर जरा कमी फुगली. मग आणखी कमी. मग दाट व्हायला लागली, ओल्या लाकडासारखी. दालनातली माणसं म्हणाली, आजी थकल्या.

एका दुपारी म्हातारीला भट्टीपाशी डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. समुद्र पिठासारखा पांढरा होता आणि हळूहळू श्वास घेत होता. वर येत होता, खाली जात होता. त्याच्यावरून बायका चालल्या होत्या, एकीमागे एक, प्रत्येकीच्या कमरेवर गाडगं. पहिली होती त्या डोंगराळ गावातली, मग तिची शेजारीण, मग तिसरी. कुणाचेच पाय भिजत नव्हते. सगळ्या चालत चालत म्हातारीपर्यंत आल्या आणि थांबल्या. पहिलीने विचारलं, "तुझ्या पुढे कोण आहे?" म्हातारीने वळून बघितलं. पुढची जागा रिकामी होती. तिथे नुसतं धुकं होतं.

ती दचकून उठली. तिने गाडग्याला कान लावला. पूर्वी आतून बारीक आवाज यायचा, झोपेत पुटपुटणाऱ्या बाळासारखा. आता काही नव्हतं. झाकण काढलं तर करडं पाणी.

ती व्यापाऱ्याकडे गेली. "मेलं," ती म्हणाली.

"कोण मेलं?"

"सात मुलूख चालून आलेलं. माझ्या हातात येऊन मेलं."

"खमीर होय! घाबरवलंत, आजी. नवं करू."

"नवं होईल. पण जिने मला दिलं तिला काय सांगू? पीठ चाळत बसले म्हणून सांगू?"

त्याच आठवड्यात राजाची दवंडी आली. ज्याला ज्याला बोलावलं जाईल त्याने पुतळ्यापुढच्या निखाऱ्यांवर चिमूटभर धूप टाकायचा आणि राजा देव आहे म्हणायचं. नाही म्हणेल त्याला दगडाच्या खाणीत पाठवायचं. त्या खाणीतून परत आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता.

व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने कोठारं आठवली, घरची माणसं आठवली. चिमूटभरच तर आहे, असं मनाशी म्हणत त्याने धूप टाकला. त्याच्या मागून दालनातल्या सगळ्यांनी टाकला. म्हातारीला कुणी बोलावलंच नाही. म्हाताऱ्या बायका राजाच्या लेखी नसतात.

रंगाऱ्यांमधून जांभळ्या हातांच्या बाईच्या धाकट्या भावाला बोलावलं. त्याच्या मुठीत धूप कोंबला, पण त्याने मूठ उघडली नाही. चौघांनी बोटं उलगडायचा प्रयत्न केला, तरी नाही. त्याला तसंच बंद मुठीने खाणीकडे नेलं.

धूप टाकणाऱ्यांचं पुढे काय झालं? काहीच नाही. कोठारं राहिली, घरं राहिली. फक्त ती माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देईनात. आठवड्याचा पहिला दिवस आला आणि दालनात कुणी आलं नाही.

म्हातारीने रिकामं गाडगं कमरेवर घेतलं आणि ती रंगाऱ्यांच्या वस्तीकडे निघाली. दिवस नुकताच बुडाला होता. समुद्रावर धुकं उतरत होतं आणि वाळू, पाणी, आकाश, सगळं एकाच फिकट जांभळ्या रंगाचं दिसत होतं. वास आला. तिने नाकाला पदर लावला नाही.

वाळूवर एक फाटकी चटई होती आणि तिच्याभोवती जांभळ्या हातांची माणसं बसली होती. मधे भाकर होती, भली मोठी, आरपार जांभळ्या रेघांची. अजून मोडलेली नव्हती.

"कुणाची वाट बघताय?" म्हातारीने लांबूनच विचारलं.

एका डोळ्याने अधू असलेला म्हातारा रंगारी म्हणाला, "तुझीच की. दर आठवड्याला बघतो. जरा उशीर केलास, तीन महिने झाले."

म्हातारी वाळूत बसली आणि रडली. रडता रडता तिने सगळं सांगितलं. चाळण कुणाच्या हातात होती तेही सांगितलं, दुसऱ्यावर ढकललं नाही.

जांभळ्या हातांच्या बाईने एक काळं गाडगं आणून तिच्या मांडीवर ठेवलं. "कान लावा, आजी."

आतून बारीक आवाज येत होता. झोपेत पुटपुटणाऱ्या बाळासारखा.

"त्या दिवशी गोळा नेला तो हाच," बाई म्हणाली. "रोज मूठभर कोंडा घालते. खादाड आहे मेलं."

म्हातारी रडता रडता हसली. पण भाकर अजून कुणी मोडेना.

"आता कोण राहिलं?" तिने विचारलं.

"दोघं राहिलेत," बाई म्हणाली. "एक माझा भाऊ. एक तुमचा शेठ."

चटईवर गलका झाला. म्हातारा रंगारी ओरडला, "तो? धूप टाकून आलेला? अगं, तुझा भाऊ तिकडे दगड फोडतोय आणि तू त्याच्यासाठी..."

"माझा भाऊ कुठे आहे ते मला माहीत आहे, काका. तुम्ही नका सांगू." ती उठून उभी राहिली. "मला त्या शेठचं तोंड बघायचं नाही. दिसला तर दगड उचलीन की काय, माझी मला खात्री नाही. पण मी त्याच्या अंगणात उभी होते आणि आत सगळे हसत होते. दाराबाहेर कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. तसं मी दुसऱ्या कुणाचं होऊ देणार नाही. त्याचंही नाही." मग ती म्हातारीकडे वळली. "पाय दुखतात का, आजी?"

"दुखतात तर काय."

"तरी जा. सांगा त्याला, भाकर थांबली आहे."

म्हातारी चढण चढून गेली. व्यापारी रिकाम्या अंगणात बसला होता, उजवा हात मांडीखाली दाबून.

"शेठ, उठा. भाकर थांबली आहे."

"माझ्यासाठी? आजी, थट्टा करू नका. मी काय केलं ते अख्ख्या शहराला माहीत आहे. हा हात बघा. याच हाताने टाकला."

"बघितला हात. धुवा आणि चला. आणि मूठभर पीठ घ्या." दोन पावलं जाऊन ती मागे वळली. "चाळू नका."

ते दोघं खाली पोचले तेव्हा समुद्रावर उजेडाची एक पट्टी उरली होती. व्यापारी मूठ घट्ट धरून लांबच उभा राहिला.

"काय शेठ," म्हातारा रंगारी म्हणाला, "नाक घरी ठेवून आलात वाटतं?"

व्यापारी म्हणाला, "मला बाहेरच बसवा. तेवढं पुरे आहे."

"बाहेर कुठे?" जांभळ्या हातांची बाई म्हणाली. "इथे भिंतच नाही."

चटईवर एकच जागा रिकामी होती. बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने बोट दाखवलं. "ही माझ्या भावाची जागा. बस इथे. तो येईपर्यंत सांभाळ. तो आला की सरक."

व्यापारी बसला. त्याला मान वर करता येईना. बाईने भाकर मोडली, पहिला तुकडा भावासाठी फडक्यात बांधून ठेवला आणि दुसरा त्याच्या हातावर ठेवला. त्याला तो गिळायला फार वेळ लागला. त्याचं होईपर्यंत कुणी उठलं नाही.

मग प्रत्येकाने मूठ टाकली. व्यापाऱ्याने टाकली. बाईने त्याचं मनगट धरून हात परातीत दाबला आणि दोघांनी मिळून पीठ मळलं. तिच्या बोटांचा रंग त्याच्या बोटांना लागला. पुढे तो दर आठवड्याला मळायला यायचा आणि दर आठवड्याला तो रंग गडद होत गेला.

बरीच वर्षं गेली. राजा बदलला, पुतळ्याचं डोकं बदललं, धूप तोच राहिला. या वेळी व्यापाऱ्याला बोलावलं तेव्हा तो गेला नाही, म्हणून शिपाई थेट वाळूवर आले. त्यांना नाव माहीत होतं, तोंड माहीत नव्हतं. "यातला धान्याचा व्यापारी कोण? हात दाखवा सगळ्यांनी. रंगारी नसेल तो आमचा."

सगळ्यांनी हात पुढे केले. सगळेच जांभळे. शिपायांना काही कळेना. ते माघारीच फिरले असते. पण रिकाम्या हाताने फिरलेले शिपाई दुसऱ्याच कुणाला तरी ओढून नेतात, हे व्यापाऱ्याला ठाऊक होतं. तो आपणच उठला. "मी तो," म्हणाला.

त्याच्या मुठीत धूप कोंबला. त्याने मूठ उघडली नाही.

लोक सांगतात, खाणीत नेलं तेव्हा आत नुसता पांढरा धुरळा होता, धुक्यासारखा. माणसांची तोंडं दिसत नव्हती. दमलेली माणसं दगडावर ओळीने बसली होती. त्यातल्या एकाचे हातही जांभळे होते. त्याला धुरळ्यातून व्यापाऱ्याचा जांभळा हात दिसला. तो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने काही न विचारता थोडं सरकून त्याला जागा दिली.

इकडे वाळूवर दर आठवड्याला दोन तुकडे फडक्यात बांधले जातात आणि भाकर शेवटच्या उजेडापर्यंत थांबते. म्हातारी गेली. तिच्या पुढची जागा मात्र रिकामी राहिली नाही. जांभळ्या हातांच्या बाईने मागायला आलेल्या प्रत्येकीला अक्रोडाएवढा गोळा दिला आणि गाडगी पुन्हा गलबतांत चढली.

यातून घ्यायचं ते एवढंच: जी भाकर सगळ्यांत शेवटी येणाऱ्यासाठी थांबते, तिचंच खमीर जगतं.